छपरं खालून मोजणारा तायडे

प्रशांत तायडे आमच्या दारात पहिल्यांदा उभा राहिला तेव्हा त्यानं माझ्याकडे पाहिलंच नाही. खोली भाड्यानं मागायला आलेला माणूस आधी घरमालकिणीच्या तोंडाकडे पाहतो, बाई कटकटी आहे की बरी आहे याचा अंदाज घेतो. हा मान मागे टाकून आमच्या गच्चीकडे पाहत होता. मी हातातली मेथीची जुडी खाली ठेवली आणि विचारलं, “काय गा, वर कोनी आहे काय?”

“नाई मावशी. तुमच्या शेजाऱ्याची टाकी पाहून राहिलो. दुपारी तीनले तिची सावली तुमच्या स्लॅपवर येत असन.”

येत होती. त्या सावलीपायी माझ्या कुरडया दरवर्षी एका कोपऱ्यात ओल्या राहायच्या आणि मी शेजाऱ्याला मनातल्या मनात बोलायची. पण अनोळखी माणसानं दारात उभं राहून ते ओळखावं याचा मला राग यावा की कौतुक वाटावं, हे काही ठरेना. मी म्हटलं, “खोली पाह्याची आहे का टाकी?”

“खोली कशीई चालते. गच्चीवर जाऊ द्यान ना?”

असा तो आमच्याकडे राहायला आला. आमचं घर अमरावतीत, मळा नांदगाव खंडेश्वरच्या रस्त्याला. मळ्यात भाजी आणि थोडा झेंडू. माझे यजमान गेल्यावर मुलगा मळा पाहतो, मी बाजारात बसते. वरची खोली रिकामी होती. प्रशांत अकोल्याचा. सामान म्हणजे एक बॅग, एक कॉम्प्युटर, बुद्धाची वीतभर मूर्ती आणि आईनं दिलेला लोणच्याचा बरणीभर खार. मूर्ती ठेवायला फळी लावायची होती तर खिळा ठोकू का म्हणून तीन वेळा विचारलं. मी म्हटलं, ठोक बाप्पा, भिंत काय तुला चावते?

त्याचं काम काय ते समजायला मला वेळ लागला. डोंगराळ भागात कोणत्या छपरावर वर्षभर किती ऊन पडतं, याचा नकाशा तो करत होता. चिखलदऱ्यापासून पुढे मेळघाटात जेवढ्या वस्त्या आहेत तेवढ्यांचा. सपाट मुलखात हे सोपं असतं म्हणे. सूर्य उगवला की मावळेपर्यंत सगळ्यांचाच. डोंगरात तसं नाही. एका घरावर सकाळी दहापर्यंत टेकडीची सावली, दुसऱ्यावर दुपारीच अंधारून येतं. आकाशातून काढलेले फोटो असतात, त्यातली छपरं कॉम्प्युटर हुडकतो, डोंगराच्या उंचीवरून सावली काढतो आणि छपरांना रंग देतो. चांगलं ऊन असलं तर लाल, कमी असलं तर पिवळं, अजिबात नसलं तर निळं. पुढे कुठे सोलरचे पॅनेल द्यायचे ते या रंगांवरून ठरणार.

एकदा त्यानं मला आमचं घर दाखवलं. गच्ची लाल, टाकीजवळचा कोपरा पिवळा. “इथं पॅनेल बसले तं तुमचं बिल गेलं समजा,” तो म्हणाला.

“आन् माह्या कुरडया कुठी वाळू घालू? तुह्या डोक्यावर?”

तो हसला आणि गच्चीचा एक तुकडा रंगातून वगळला. नकाशात मावशीच्या कुरडयांची जागा सोडणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता.

त्याची एक सवय होती. कुठेही गेला की विचारायचा, “दुपारी तीनले काय होते इथं?” लग्नाला गेला तरी मांडवात हाच प्रश्न. भाजीबाजारात माझ्या शेजारी बसणाऱ्या बायकांनी त्याचं नावच तीन वाजताचे तायडे ठेवलं. त्याला त्याचं काही वाटत नसे. म्हणायचा, “सकाऊन सगळेच चांगले दिसते मावशी. तीनले काय राहते थे पाह्याचं.” हे तो उन्हाबद्दल म्हणत होता की आणखी कशाबद्दल, ते मी कधी विचारलं नाही.

त्याची आई अकोल्याहून आली होती तेव्हा तिनं मला एक गोष्ट सांगितली. मूर्तिजापूरकडे मुलगी पाहायला गेले. चहा-पोहे झाले, मुलगी समोर येऊन बसली आणि हा खिडकीतून समोरच्या घराचं छप्पर पाहतो आहे. मुलीच्या वडलांना वाटलं, जावई इस्टेटीचा अंदाज घेतोय. ते घाईघाईनं म्हणाले, “आपलाई स्लॅप मजबूत आहे, वर दोन माळे चढतीन.” तर हा म्हणे, “चढवू नका काकाजी, मांगच्या घराचं ऊन जाईन.” मुलगी खाली मान घालून हसली. लग्न मात्र जमलं नाही. आई सांगता सांगता डोळे पुसायची आणि हसायचीही. “बापावर गेला,” ती म्हणाली.

बाप वीज खात्यात लाइनमन होता. वादळ झालं की साऱ्या मोहल्ल्याची माणसं यांच्या दारात. लाइन कधी येते म्हणून विचारायची, आणि नाही आली तर शिव्याही यांच्याच दारात. प्रशांत सांगायचा, “बाबा खांबावर, आन् खाली लोक बाबाले बोलून राहिले. बाबा वरून म्हनत, बोला बोला, बोलनं फुकट आहे, लाइन आनतोच.” त्या बापाच्या लेकानं वीज आणायचंच काम हाती घ्यावं यात नवल नाही. फक्त हा खांबावर चढला नाही, कॉम्प्युटरवर बसला.

आता मी मेळघाटात कशी गेले ते सांगते. नकाशा तयार झाला होता, पुण्याच्या ऑफिसात गेलाही होता. शेवटी दोन-चार वस्त्यांत प्रत्यक्ष जाऊन खात्री करायची होती. पहिल्या खेपेला तो एकटा गेला आणि तोंड पाडून परत आला. दिवसा माणसं कामावर, घरी बायका. परका पुरुष घरासमोर उभा राहून वर पाहतो, फोनवर काही टिपतो, हे कोणाला आवडेल? एका म्हातारीनं त्याच्या अंगावर कुत्रं सोडलं. मला म्हणाला, “मावशी, तुमी चाला ना संगं. तुमी बोलत राहा, मी मोजत राहीन.”

बोलायचं काम मला कोणी सांगावं आणि मी नाही म्हणावं? दसरा नुकताच झाला होता. आम्ही परतवाड्याहून जीपनं घाट चढलो, सेमाडोह मागे टाकलं आणि जंगलातल्या, त्यानंही अजून न पाहिलेल्या एका ढाण्यावर उतरलो. ढाणा म्हणजे कोरकू लोकांची छोटी वस्ती. मधून सरळ रस्ता आणि दोन्ही बाजूंना समोरासमोर घरांची रांग. शेणानं सारवलेली अंगणं इतकी स्वच्छ की चप्पल घालून पाय ठेवायला जीव धजेना.

आणि वेल. दादा रे, काय ते वेल. प्रत्येक घराच्या मागच्या परसातून निघालेले डांगराचे म्हणजे लाल भोपळ्याचे, वालाचे, दोडक्याचे वेल कौलांवर, आम्ही कवेलू म्हणतो त्यावर, चढून छपरं झाकून बसले होते. पिवळी फुलं, मधून मधून घागरीएवढी डांगरं. मी मळ्यातली बाई, माझं मन भरून आलं. मी प्रशांतला दाखवायला वळले तर तो रस्त्याच्या मधोमध उभा. एकदा फोनकडे पाहतो, एकदा घरांकडे. चेहरा असा, की कोणी दवाखान्यातून निरोप आणला असावा.

“मावशी, हे घरं नकाशात नाईत.”

“काहून? एवढी रांगच्या रांग दिसून राहिली ना.”

“हिरवी आहेत म्हून.” तो तिथेच एका ओट्यावर बसला. “मीच कॉम्प्युटरले शिकवलं. हिरवं दिसलं तं झाड समज, छप्पर समजू नको. फोटोई मीच निवडला. पावसानंतर हवा धुतलेली राहते, फोटो काचेसारखा येते. मले वाटलं, याच्यापेक्षा चांगला फोटो नाई.”

मला तेव्हा कुठे कळलं. अकोल्यात वाढलेला पोरगा. त्याच्या लेखी छप्पर म्हणजे स्लॅब नाहीतर टिनं. छपरावर भाजी पिकते हे त्याच्या डोक्यात कधी आलंच नसेल. नकाशात त्या ढाण्याची तीनच छपरं होती. शाळा, अंगणवाडी आणि वनखात्याची एक चौकी. बाकी सगळं रान.

ढाण्यातली आशाताई, म्हणजे सरकारची गावातली आरोग्यसेविका, होती फुलवंती. चाळिशीची, काटक, बोलायला धारदार. तिला आमचं बोलणं ऐकू गेलं. ती म्हणाली, “मंग म्हूनच आमचं नाव यादीत नाई काय साहेब?”

यादी हीच तर खरी गोष्ट होती. ज्या वस्तीत चांगल्या उन्हाची पुरेशी छपरं असतील तिला घरोघरी पॅनेल आणि बाळंतपणाच्या खोलीसाठी मोठा संच मिळणार होता. तीन छपरांचा ढाणा यादीतून आपोआप गळला होता, आणि यादी दिवाळीला बंद होणार होती.

फुलवंतीनं आम्हाला ती खोली दाखवली. अंगणवाडीच्या मागे, एक खाट, एक पत्र्याचं कपाट, वर एक दिवा. पावसाळ्यात घाटात कुठे झाड पडलं की लाइन जाते, ती पंधरवडा-पंधरवडा येत नाही. ती म्हणाली, “श्रावणात सोमाय आजीच्या नातसुनेचं बाळंतपण केलं. मोबाईलची बत्ती तोंडात धरली आन् नाळ बांधली. लाळ गळे, मोबाईल ओला होये. दातात किती वेळ धराव साहेब?”

 प्रशांत बाहेर जाऊन ढाण्याच्या टोकाच्या मोठ्या दगडावर चढला, कारण फोन तिथेच लागतो, आणि त्यानं पुण्याच्या मॅडमला फोन लावला. या मॅडम त्याच्या वरच्या. मी त्यांना कधी पाहिलं नाही, पण बाई वाईट नव्हत्या. त्यांनी दोन मिनिटांत तोड काढली. परतवाड्यात ड्रोनवाला आलेला आहे, उद्या त्याला पाठवते. लोकांना सांगून वेल काढून टाका, छपरं मोकळी करा, वरून फोटो घेऊ आणि ढाणा यादीत घालू. तायडे, एवढंच करा.

आता तुम्हाला वाटेल लोकांनी विरोध केला असेल. अजिबात नाही. फुलवंतीनं रस्त्यात उभं राहून कोरकूत सांगितलं आणि बायका विळे घेऊन निघाल्यासुद्धा. सगळ्यांत आधी सोमाय आजी. वाकलेली, हातात चांदीचे कडे, अंगावर लुगडं. तिच्याच घरावर सगळ्यांत भरगच्च वेल. तिनं मुळाशी विळा लावला आणि प्रशांतकडे पाहून विचारलं, “साहेब, काट दूँ ना? लाइट आयेगी?”

“थांबा आजी,” तो म्हणाला. आणि पळत जाऊन त्यानं तिच्या हातावर हात ठेवला.

“काहून थांबाव?” फुलवंती मागून आली. “साहेब, तुमाले वेलाची दया येऊन राहिली, मले बाईची येते. कापू द्या.”

मी त्या दोघांच्या मध्ये उभी. खरं सांगते, मला कोणाच्या बाजूनं बोलावं कळेना. वेलावर अजून वालाला फूल होतं, कितीतरी डांगरं कोवळी होती. ते वेल म्हणजे थंडीभराची भाजी आणि पुढच्या वर्षाचं बी. मुळाशी कापला की दोन दिवसांत सगळं सुकणार. पण तोंडात मोबाईल धरलेली बाईही डोळ्यांपुढून हलेना. मी म्हटलं, “दोन महिने थांबले तं वेल आपोआपच वाळते.”

“दोन महिन्यांनी यादी राहते काय?” फुलवंतीनं मला गप्प केलं.

प्रशांतनं आजीच्या हातावरचा हात काढला. मग म्हणाला, “फुलवंतीताई, चूक माही आहे. माही चूक झाकाले आजीनं आपली भाजी कापाची, हे मले जमत नाई. दोन दिवस द्या. मी हातानं मोजतो.”

“आन् नाई झालं तं?”

“तं मले बोला. बोलनं फुकट आहे.”

ती काही हसली नाही. “बोलीनच,” म्हणाली, आणि बायकांना विळे खाली ठेवायला सांगितलं. प्रशांतनं परत दगडावर चढून मॅडमला ड्रोन नको म्हणून कळवलं.

पुढचे दोन दिवस मी जे पाहिलं ते मी जन्मात विसरणार नाही. कवेलूवर चढता येत नाही, पाय दिला की फुटतं. वरून वेलाखाली काही दिसत नाही. तेव्हा यानं छपरं खालून मोजली. घरात जायचं, मी आधी जाऊन घरच्या बाईशी बोलायचं, लेकरं किती, डांगराला बी कुठलं, सासू कशी आहे. तोवर हा जमिनीवर उताणा झोपायचा आणि वर पाहायचा. वाशांची लांबी, उताराचा कोन, कुठून कवेलूच्या फटीतून ऊन येतं, कुठे वेलानं अंधारलंय. टेप धरायला घरातलं जे कोणी मोकळं असेल ते. सुरुवातीला बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. साहेब झोपायला आला म्हणायच्या. दुसऱ्या दिवशी आमच्या आधीच त्या जमिनीवर चटई टाकून ठेवू लागल्या.

आणि दुपारी तीनला तो रस्त्यात काठी रोवून उभा. ढाण्याच्या पश्चिमेला डोंगर. तीनला त्याची सावली घसरत यायची आणि बघता बघता सगळी वस्ती झाकायची. त्याला जे कळलं ते त्यानं मला समजावून सांगितलं. इथं दुपारचं ऊन डोंगर खातो, तेव्हा सकाळचंच काय ते खरं. सकाळचं ऊन पूर्वेच्या उतारावर. एका रांगेला तो उतार रस्त्याकडे येतो, मोकळा असतो. समोरच्या रांगेला तो मागे, परसाकडे, आणि वेल नेमका तिकडूनच चढतो. म्हणजे त्या रांगेत पॅनेल आला की वेलाची जागा गेली. पॅनेल कवेलूवर टेकणार नव्हता, जमिनीत रोवलेल्या लोखंडी पायांवर उभा राहणार होता, पण ऊन तर एकच.

“ऊन कोनाच्या बापाचं नाई,” तो म्हणाला, “पन छप्पर कोनाचं तरी असते. आन् मावशी, थे रिकामं नसते. मी आजवर सारे छपरं रिकामे समजून मोजले.”

“माह्या कुरडया तं वगळल्या होत्या ना तू.”

“तुमी भांडल्या म्हून.”

त्या रांगेतल्या प्रत्येक घरी त्यानं जाऊन विचारलं. पुढच्या वर्षी वेल पुढच्या बाजूनं चढवता येईल का? सोमाय आजी त्या रांगेतली. फुलवंतीनं तिला कोरकूत विचारलं तशी ती बोळक्या तोंडानं खूप हसली. म्हणाली, “रस्सी जिधर बांधी, बेल उधर जाती. इतना पूछने को इतनी दूर से आया?” मग आत जाऊन तिनं त्याला एक कोवळं डांगर आणून दिलं. तो घेईना. मी म्हटलं, घे मुकाट्यानं, नाहीतर कुत्रं सोडतील.

ते डांगर आम्ही जीपमध्ये मांडीवर ठेवून आणलं आणि घरी त्याची बाकरभाजी केली.   मी विचारलं, “आता काय? झालं ना तुह्यं मोजून?”

“त्या ढान्याचं झालं. बाकीच्याचं काय मावशी? साऱ्या डोंगरात मी असंच केलं असन. जिथं जिथं वेल आहे तिथं तिथं घर गेलं.”

दुसऱ्या दिवशी गच्चीवर उभं राहून तो मॅडमशी बोलत होता. मी कुरडया पाहायला गेले होते, ऐकायला नव्हते गेले, पण कान काही बंद करता येत नाहीत. मॅडम म्हणत असाव्यात की तुम्ही मोजलेला ढाणा घालते यादीत, बाकी राहू द्या, पुढच्या टप्प्यात पाहू. हा म्हणत होता, “मॅडम, तो ढाना मी पाहिला म्हणून सापडला. जे पाहिले नाहीत ते कुठे जातील? सगळा नकाशा परत करावा लागेल. चूक माझी आहे, तसं वर सांगा.” ऑफिसशी बोलताना तो पुण्याची भाषा बोलायचा, पण जीव त्याचा अकोल्याचाच.

नकाशा परत झाला. या वेळी उन्हाळ्यातले फोटो, आणि प्रत्येक वस्तीत कोणी ना कोणी पाठवून छपरावर काय आहे ते विचारायचं. त्यानं ऑफिसला ते करायला लावलं. पण त्यात दिवाळी गेली, होळी गेली. साऱ्या डोंगराची यादी थांबली. आणि मार्चमध्ये प्रशांतचा करार संपला तेव्हा तो पुढे वाढवला नाही. का, ते कोणी सांगितलं नाही. काम संपलं एवढंच म्हणाले. काम तर चालू होतं.

मी खूप बोलले त्याला. बॅग भरत होता आणि मी दारात उभी राहून बोलत होते. “तुले कोनी सांगतलं होतं एवढं? मॅडम तुह्या ढान्याले घेऊन राहिल्या होत्या ना? गप बसता नाई आलं? आता आईले काय सांगशीन?”

“आईले सांगतलं.”

“मंग? काय म्हने?”

“म्हने, बापावर गेला.” आणि हसला. मी काही हसले नाही. मग तो बॅग सोडून खाटेवर बसला आणि हळू आवाजात म्हणाला, “मावशी, नोकरीचं नाई वाटत मले. येत्या पावसात फुलवंतीताईचं काय? यादी थांबली थे माह्यापायी थांबली. मॅडमचं आयकून गप बसलो असतो तं या पावसात तिच्या खोलीत दिवा राह्यला असता.”

 खरं होतं ते. तो बरोबर वागला हेही खरं, आणि त्या खोलीत आणखी एक पावसाळा अंधार राहणार हेही खरं. दोन्ही एकाच माणसाच्या पदरात आलं होतं, आणि तो ते दुसऱ्याच्या गळ्यात घालायला तयार नव्हता. मी त्याच्यापाशी जाऊन बसले आणि त्याच्या उरलेल्या कपड्यांच्या घड्या घालू लागले.

जायच्या दिवशी त्यानं माझ्या हातात एक खोकं दिलं. डोक्याला पट्ट्यानं बांधायचा दिवा, खाणीतले लोक लावतात तसा, आणि त्याच्या बॅटऱ्या. अकोल्याला हुडकून आणला होता. “एवढं फुलवंतीताईले पोचवा. हात मोकळे राहतात. तोंडई.” मी पावसाच्या आधी जाऊन दिला. फुलवंतीनं तो डोक्याला बांधला, चालू केला, बंद केला, परत चालू केला. म्हणाली, “हे आधी काहून नाई दिलं कोनी? एवढे साहेब येऊन गेले.” मग दिवा खोक्यात ठेवत, “कुठी आहे तो? आला तं बोलाचं राहिलं आहे मले त्याले.”

तो दूर गेला होता. हिमाचलात कुठेतरी काम मिळालं, तिथेही डोंगरातली छपरंच. फोन करायचा. तिथली छपरं दगडी पाट्यांची, त्यावर मका वाळत घालतात, मावशी, मी आधी तेच विचारलं, असं सांगायचा. आता तो इकडे येत नाही. आईलाही तिकडेच घेऊन गेला. आमची वरची खोली परत रिकामी आहे. भाडेकरू येतात, खोली पाहतात, नळाला पाणी किती वेळ येतं ते विचारतात.

ढाण्यात पॅनेल आले ते त्या पावसाळ्यानंतर, पुढच्या उन्हाळ्यात. मग यंदाचा पावसाळा गेला आणि दसऱ्यानंतर मी मुद्दाम जाऊन आले. बाळंतपणाच्या खोलीत चार दिवे. फुलवंतीनं चारही लावून दाखवले, भर दुपारी. श्रावणात घाटातली लाइन गेली होती आणि ढाण्याला कळलंसुद्धा नाही म्हणाली. मी टोकाच्या त्या दगडावर चढले, गुडघे कुरकुरत होते, आणि प्रशांतला फोन लावला. सगळं सांगितलं. खोली, दिवे, घरांवरचे पॅनेल, कोणाकडे टीव्ही आला, कोणाकडे आला नाही. फुलवंतीनं माझ्या हातातून फोन ओढून घेतला आणि त्याला कोरकूत बरंच काही सुनावलं. त्याला कोरकू येत नाही. तो हाव हाव करत राहिला.

मग फोन माझ्याकडे आला तर तो म्हणाला, “मावशी, सोमाय आजीचा वेल कुठी चढवला?”

मी दगडावरूनच पाहिलं. पुढच्या बाजूनं चढवला होता, दोरी बांधून, ठरलं होतं तसा. पण वेल काही सरळ चालत नाही. छपराचा कणा ओलांडून तो पलीकडे उतरला होता आणि पॅनेलच्या एका कोपऱ्यावर त्याची तीन-चार पानं येऊन बसली होती. आजी काठी घेऊन मागच्या परसात उभी होती आणि एकेक पान हळूच मागे सारत होती. फुलवंती म्हणाली, रोज हेच चालते तिचं.

मी त्याला सांगितलं.  

“किती कोपरा झाकते, मावशी?”

“पोळीएवढा.”

“मंग थे मोजाले पाहिजे होतं,” तो म्हणाला. “वेल वाढते हे मी धरलंच नाई.”

मी म्हटलं, आता मेल्या, एवढ्या लांबून काय मोजतो, आजी आहे ना सारायला. जेवलास का ते सांग. तो म्हणाला, जेवतो, तीन वाजून जाऊ द्या.